मात्रेला वेळ असते

केमोथेरपीचे औषध दिवसाच्या कोणत्या वेळी दिले याने काही फरक पडत नाही, असे मत आज कर्करोगवैद्यकात जवळजवळ सर्वमान्य आहे. औषध योग्य निवडले, मात्रा नीट काढली, दोन फेऱ्यांमधले अंतर पाळले की झाले. सलाईन सकाळी दहाला लागली काय आणि दुपारी चारला लागली काय, प्रश्न डे-केअरमधली खुर्ची कधी रिकामी होते एवढाच. हे मत बाळगणारे लोक बेफिकीर नाहीत. जिवावरच्या दुखण्यात सापडलेल्या माणसांची जबाबदारी ते रोज वाहतात, आणि पुराव्यावाचून काही मानायचे नाही ही त्यांची शिस्त आहे. त्या शिस्तीविषयी मला आदर आहे. तीच शिस्त लावून हे मत तपासले तर ते टिकत नाही, एवढे मला दाखवायचे आहे. निकाल वाचकांनी द्यावा.

आपल्या शास्त्रचर्चेची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो असा मांडावा की प्रतिपक्षाने ऐकून मान डोलवावी. तर पूर्वपक्ष असा.

शरीराला दैनिक लय असते हे कोणी नाकारत नाही. पण केमोच्या बाबतीत तिचा पुरावा बहुतांशी उंदरांवरचा, आणि उंदीर निशाचर. माणसांवरची मोजमापे मूठभर रुग्णांची, आणि तीही एकमेकांशी न जुळणारी. या वादात ज्या औषधाचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते ते फ्लुरोयुरासिल आज बहुधा ४६ तासांच्या पंपातून देतात. पंप दिवसरात्र एकाच गतीने चालतो, मग वेळेचा प्रश्न उरलाच कुठे? मुलांच्या रक्तकर्करोगात गोळी संध्याकाळी द्यावी असे एके काळी आग्रहाने सांगितले जाई. पुढच्या अभ्यासांत त्याला दुजोरा मिळाला नाही. आणि सर्वांत वजनदार मुद्दा हा, की युरोपात मोठी यादृच्छिक चाचणी झाली, २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि घड्याळ पाहून उपचार घेतलेले रुग्ण इतरांपेक्षा लक्षणीय जास्त जगले नाहीत. इतके झाल्यावर रुग्णालयांनी आपली वेळापत्रके कशासाठी उलथवायची?

पूर्वपक्ष भक्कम आहे. त्यातला एक मुद्दा मी पूर्णपणे मान्य करणार आहे. बाकीच्यांचे उत्तर मात्र द्यावे लागेल.

पंपापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक तर्काची आहे आणि ती दाखवायला नव्या चाचणीची गरज नाही. फ्लुरोयुरासिल १९५७ साली चार्ल्स हायडेलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचा केमो-उपचार आजही मुख्यतः त्यावरच उभा आहे. रक्तात ते फार थोडा वेळ टिकते. दहा-वीस मिनिटांत त्याची पातळी निम्म्यावर येते. दिलेल्या मात्रेचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग शरीर मोडून टाकते, आणि ते काम मुख्यतः यकृतातले एक विकर करते. त्याचे पूर्ण नाव डायहायड्रोपिरिमिडिन डिहायड्रोजिनेज, व्यवहारात डीपीडी. आता पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरच्या नळाची धार अगदी एकसारखी आहे, पण खालची तोटी काही तास जास्त उघडी असते आणि काही तास कमी. टाकीतले पाणी एकाच उंचीवर राहील का? पंपाने फक्त वरची धार स्थिर केली. तोटी यकृताच्या हातात आहे. औषध दिवसेंदिवस रक्तात राहणारे असते तर हे चढउतार एकमेकांत मुरून गेले असते. दहा-वीस मिनिटांत निम्मे होणारे औषध विकराच्या प्रत्येक बदलाबरोबर वरखाली होणारच.

हा नुसता कयास नाही. १९९० साली अमेरिकेत अलाबामा विद्यापीठातल्या रॉबर्ट डायाझिओ यांच्या गटाने सारख्या गतीने औषध चालू असलेल्या रुग्णांचे रक्त ठरावीक अंतराने तपासले. औषधाची पातळी सकाळी अकराच्या सुमारास सर्वांत वर होती आणि रात्री अकराच्या सुमारास सर्वांत खाली. डीपीडीची क्रियाशीलता नेमकी उलट चालली होती. पंप स्थिर होता, औषध स्थिर नव्हते. दिवसरात्र चालणारा पंप वेळेचा प्रश्न मिटवतो असे म्हणणाऱ्यांनी हा आलेख एकदा पाहावा. पंप वेळेचा प्रश्न मिटवत नाही. तो फक्त दृष्टीआड करतो.

इथे प्रतिपक्ष लगेच म्हणेल, आणि रास्तपणे म्हणेल, की १९८८ साली फ्रान्समध्ये अशीच मोजणी झाली होती आणि तिथे पातळीचा कळस रात्री एकच्या सुमारास आला, तळ दुपारी एकला. म्हणजे जवळजवळ उलटे. दोन्ही अभ्यासांत रुग्ण मोजके. मग कोणावर विश्वास ठेवायचा?

दोघांवर. या दोन अभ्यासांतले रुग्ण वेगळे होते, त्यांचे रोग वेगळे, सोबतची औषधे वेगळी, पंप चालण्याचे दिवस वेगळे. कळस कधी येतो याविषयी ते असहमत आहेत. कळस येतो, आणि स्थिर पंपावर असतानाही येतो, याविषयी दोघांत काडीचा मतभेद नाही. दोन अभ्यासांत वेळ जुळली नाही यावरून वेळ नसतेच असा निष्कर्ष काढता येतो का? त्यावरून एवढेच निघते, की सगळ्या रुग्णांना भिंतीवरच्या घड्याळाचा एकच आकडा लावता येणार नाही. हा निष्कर्ष वाचकांनी लक्षात ठेवावा. २००६ च्या चाचणीचे कुलूप याच किल्लीने उघडते.

त्याआधी प्रतिपक्षाच्या पुराव्याच्या मापाविषयी बोलले पाहिजे. डीपीडीचे महत्त्व आज सगळे मानतात. काही माणसांत जन्मतःच हे विकर कमी असते आणि नेहमीची मात्रा त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०२० साली शिफारस केली, की फ्लुरोयुरासिल किंवा त्याची गोळी कॅपेसिटाबिन सुरू करण्याआधी रुग्णाच्या डीपीडीची तपासणी व्हावी. उत्तम शिफारस. पण मग विचारावेसे वाटते, की एकाच विकराचे प्रमाण माणसामाणसांत बदलते तेव्हा ते इतके गंभीर, आणि तेच विकर एका माणसात सकाळ-रात्र बदलते तेव्हा ते दुर्लक्षणीय, हे कोणत्या तत्त्वाने?

मात्रा काढण्याची रीतही पाहा. केमोची मात्रा बहुतेक ठिकाणी शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून काढतात. त्यासाठी वापरात असलेल्या सूत्रांतले सर्वांत प्रसिद्ध सूत्र द्यूबॉय आणि द्यूबॉय यांनी १९१६ साली मांडले. ते नऊ माणसांच्या मोजमापांवर उभे आहे. नऊ. फ्लुरोयुरासिलच्या बाबतीत या सूत्राने दिलेली मात्रा रुग्णारुग्णांत किती वेगळ्या पातळ्या निर्माण करते हे २००८ साली फ्रान्समधल्या २०८ रुग्णांच्या चाचणीत दिसले. ज्यांची मात्रा रक्तातली पातळी मोजून बदलली, त्यांच्यापैकी ३३.७ टक्क्यांच्या गाठी आटल्या. केवळ क्षेत्रफळावर मात्रा मिळालेल्यांपैकी १८.३ टक्क्यांच्या. म्हणजे रक्तातली खरी पातळी महत्त्वाची आहे, हे सिद्ध झाले. ती पातळी दिवसभरात हलते, हेही मोजले गेले. या दोन विधानांच्या मधे उभे राहून वेळेने फरक पडत नाही असे म्हणायला जागा कुठे उरते?

आता उंदीर. हा आक्षेप मला नेहमी थोडा आश्चर्याचा वाटतो, कारण केमोची कितीतरी औषधे माणसापर्यंत पोहोचली ती उंदरांवर तपासूनच. उंदराला दिवस-रात्र उलटी असते हे खरे, आणि उंदरावर सापडलेली वेळ माणसाला जशीच्या तशी कोणी लावत नाही. ती जागण्या-झोपण्याच्या चक्राशी ताडून घेतात. उंदरांवरच्या प्रयोगांनी जे दिले ते वेळापत्रक नव्हेच. त्यांनी कार्यकारणाची साखळी दिली, आणि ती साखळी सोन्यासारखी आहे.

ती थोडक्यात सांगतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे वीस हजार चेतापेशींचे एक केंद्र आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाशी ते जुळवून घेते आणि शरीराला दिवस-रात्र कळवते. पण घड्याळ तिथे एकट्यानेच चालत नाही. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत काही जनुके एकमेकांना चालू-बंद करत चोवीस तासांचे चक्र फिरवतात. या जनुकांचा शोध फळमाश्यांमध्ये सुरू झाला आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. यकृतात हे चक्र तीन प्रथिनांच्या मार्फत औषध मोडणाऱ्या विकरांना हुकूम देते. जिनिव्हाच्या उएली शिबलर यांच्या प्रयोगशाळेत ही तिन्ही प्रथिने नसलेले उंदीर तयार केले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसले, की अशा उंदरांच्या यकृताची विषे मोडण्याची ताकद घटली आणि केमोची औषधे त्यांना जास्त बाधली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाने सायक्लोफॉस्फमाइड हे औषध घेतले. साध्या उंदरांत त्याची बाधा वेळेनुसार कमीजास्त होते. घड्याळाची जनुकेच बिघडवली तेव्हा हा फरक पुसला गेला. घड्याळ काढले आणि वेळेचा फरकही गेला. कार्यकारण सिद्ध करायला यापेक्षा स्वच्छ प्रयोग कोणता हवा?

आणि निशाचरपणाचाच आक्षेप असेल तर दिवसा जागणाऱ्या प्राण्याकडे जाऊ. ओडिशात जन्मलेले सच्चिदानंद पांडा हे कॅलिफोर्नियाच्या साल्क संस्थेतले संशोधक. त्यांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली बबून वानराच्या ६४ ऊतींचा चोवीस तासांचा नकाशा प्रसिद्ध केला. प्रथिने घडवणाऱ्या जनुकांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जनुके कोणत्या ना कोणत्या ऊतीत दैनिक लयीने चालत होती. माणूसही या नियमाबाहेर नाही. नॉर्वेत रूने स्मोलँड यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांची अस्थिमज्जा चोवीस तासांत पुन्हा पुन्हा काढून तपासली. १९९१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की मज्जेतल्या पेशींची डीएनए बनवण्याची लगबग दिवसा जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास कमी असते. फ्लुरोयुरासिल नेमके डीएनए बनवणाऱ्या पेशीलाच मारते. म्हणजे लयी दोन आहेत: औषध मोडणाऱ्या यकृताची एक, आणि औषधाला बळी पडणाऱ्या निरोगी पेशींची दुसरी. औषध किती आहे आणि ते कोणाला सापडते, ही दोन्ही उत्तरे वेळेबरोबर बदलतात. सिसप्लॅटिनच्या बाबतीत तर तिसरी लय आहे. त्या औषधाने डीएनएला केलेली इजा दुरुस्त करणारी यंत्रणाही उंदराच्या यकृतात घड्याळाने चालते, हे अझीझ संजार यांच्या गटाने २०१० साली दाखवले. डीएनएच्या दुरुस्तीवरच्या त्यांच्या कामाला २०१५ चे नोबेल मिळाले.

आता मुख्य खटला. त्याची सुरुवात २००६ मध्ये होत नाही, १९९७ मध्ये होते, आणि प्रतिपक्ष बहुधा ही तारीख वगळतो. फ्रान्सिस लेव्ही हे तेव्हा पॅरिसजवळच्या व्हिलझ्विफ इथले कर्करोगतज्ज्ञ होते. त्यांनी मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या १८६ रुग्णांची चाचणी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही गटांना तीच तीन औषधे: ऑक्सॅलिप्लॅटिन, फ्लुरोयुरासिल, फोलिनिक अॅसिड. एका गटाला सारख्या गतीने, दुसऱ्याला वेळेनुसार कमीजास्त होणाऱ्या गतीने. फ्लुरोयुरासिलचा भर पहाटे चारला, ऑक्सॅलिप्लॅटिनचा दुपारी चारला. सारख्या गतीच्या गटात ७६ टक्के रुग्णांना तोंड येण्याचा आणि अन्नमार्गाच्या अस्तराचा तीव्र त्रास झाला. वेळेच्या गटात १४ टक्क्यांना. हातापायांच्या मुंग्या आणि बधिरपणामुळे रोजची कामे अडली ती ३१ टक्क्यांची, विरुद्ध १६ टक्क्यांची. गाठी आटल्या २९ टक्क्यांच्या, विरुद्ध ५१ टक्क्यांच्या. आयुष्य मात्र दोन्ही गटांत सारखेच, सोळा महिन्यांच्या आसपास. हेही मी लपवत नाही.

या आकड्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. तोंड येणे हे शब्द कागदावर किरकोळ दिसतात. केमोनंतर तोंड आलेल्या माणसाला पाण्याचा घोट गिळवत नाही, लाळ गिळताना डोळ्यांत पाणी येते, भाताची पेजसुद्धा आग लावते. वजन उतरते आणि पुढची फेरी लांबते. शंभरातल्या ७६ जणांऐवजी १४ जणांना हे भोगावे लागले. औषधे तीच, बदलला तो दिवसभरातला त्यांचा ओघ. वेळेने काहीच फरक पडत नाही या विधानाला हा एक आकडा पुरेसा नाही का?

मग २००६ मध्ये काय झाले? युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेच्या या चाचणीत ५६४ रुग्ण होते. एका गटाला वेळेनुसार दिला जाणारा चार दिवसांचा उपचार, दुसऱ्याला तेव्हा प्रचलित असलेला दोन दिवसांचा. मध्यम आयुर्मान १९.६ महिने विरुद्ध १८.७ महिने. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. वृत्तांचा मथळा इथेच संपला, आणि बहुतेकांचे वाचनही.

पहिला आक्षेप तुलनेवर. एकीकडे चार दिवस, दुसरीकडे दोन. औषध ओतण्याची पद्धतच वेगळी. १९९७ मध्ये दोन गटांत फरक होता तो वेळेनुसार ठरवलेल्या गतीचा. २००६ मध्ये वेळेबरोबर आणखीही गोष्टी बदलल्या. अशा तुलनेतून वेळेचा परिणाम एकटा वेगळा काढता येत नाही, ना माझ्या बाजूने, ना त्यांच्या. ज्या चाचणीत प्रश्नच स्वच्छ विचारला गेला नाही, तिच्या उत्तराने हा प्रश्न कायमचा निकालात निघाला असे कसे म्हणता येईल?

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. त्याच अहवालात पुरुष आणि स्त्रियांचे आकडे वेगळे दिले आहेत. वेळेच्या उपचाराने पुरुषांचा मृत्यूचा धोका २५ टक्क्यांनी घटला. स्त्रियांचा ३८ टक्क्यांनी वाढला. पुन्हा वाचा. एका उपचाराने अर्ध्याअधिक रुग्णांचे भले झाले, उरलेल्यांचे नुकसान झाले, आणि दोन्हींची सरासरी काढल्यावर उत्तर शून्याच्या जवळ आले. त्या शून्याचा अर्थ परिणाम नाही असा लावला गेला. खरा अर्थ असा होता, की परिणाम मोठा आहे आणि त्याची दिशा सगळ्यांत एक नाही. पहाटे चार आणि दुपारी चार हे आकडे प्रत्येक रुग्णाला, स्त्री असो की पुरुष, तसेच्या तसे लावले होते. फ्रान्स आणि अलाबामाच्या मोजण्यांनी १९९० सालीच सांगितले होते, की सगळ्यांना एकच आकडा चालणार नाही. चाचणीत पडला तो हा एक आकडा. घड्याळ पडले नाही.

प्रतिपक्ष यावर म्हणेल, की रुग्णांचे नंतर गट पाडून काढलेले निष्कर्ष फसवे असतात. पुरेसे गट पाडले तर काहीही सापडते. हा इशारा योग्य आहे. म्हणून एकट्या त्या चाचणीवर मी विसंबत नाही. २०१२ साली तीन चाचण्यांतल्या ८४२ रुग्णांचे आकडे एकत्र तपासले गेले. पुरुषांत वेळेच्या उपचाराने मध्यम आयुर्मान २०.८ महिने, प्रचलित उपचाराने १७.५. स्त्रियांत १६.६ आणि १८.४. यातले बहुसंख्य रुग्ण २००६ च्याच चाचणीतले, म्हणून हा पुरावा पूर्णपणे स्वतंत्र नाही. आणखी एक शंका मी स्वतःच उपस्थित करतो. स्त्रियांचे शरीर फ्लुरोयुरासिल सरासरीने सावकाश बाहेर टाकते. कदाचित चार दिवसांच्या उपचाराची बाधाच त्यांना जास्त झाली असेल, आणि वेळेचा त्यात काही हात नसेल?

या शंकेला उत्तर देऊ शकेल अशी चाचणी एकच प्रकारची: सगळ्यांना तोच उपचार, आणि बदल फक्त वेळेत. ती झाली आहे. त्याच युरोपीय संघटनेने सुमारे दोनशे रुग्णांना एकच संयुक्त उपचार दिला आणि त्यातल्या इरिनोटेकान या औषधाच्या भराची वेळ दिवसभरातल्या सहा वेळांपैकी एक, चिठ्ठ्या टाकून ठरवली. निष्कर्ष २०२० साली आले. पुरुषांना सर्वांत कमी बाधा सकाळच्या वेळी, स्त्रियांना दुपारी. उपचार एक, वेळ वेगळी, आणि फरक स्त्री-पुरुषांत उलटा. चाचणी बाधेची होती, आयुष्याची नव्हती, आणि गट लहान होते. पण २००६ मधली स्त्री-पुरुषांतली तफावत योगायोगाची असती, तर वेगळ्या औषधावर, वेगळ्या रचनेत ती पुन्हा का दिसावी? पुढे २०२३ साली दक्षिण कोरियातून लसिका-कर्करोगाच्या एका प्रकारावरचा अभ्यास आला. जुन्या नोंदींवरून केलेला, म्हणून वजनाने हलका. त्यातही वेळेचा फरक दिसला तो स्त्रियांत. बहुतेक फेऱ्या सकाळी घेतलेल्या स्त्रियांपेक्षा दुपारी घेतलेल्या स्त्रिया अधिक काळ जगल्या. तीन ठिकाणी, तीन प्रकारच्या उपचारांत वेळेचा प्रश्न स्त्री-पुरुष भेदापाशी येऊन थांबतो. याला आता फसवी गटवारी म्हणता येणार नाही.

आता मान्य करायचा मुद्दा. १९८५ साली माँट्रियलच्या डॉक्टरांनी रक्तकर्करोगाच्या ११८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी सकाळी घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचा धोका संध्याकाळी घेणाऱ्यांच्या सुमारे साडेचार पट दिसला होता. त्यावरून कित्येक वर्षे आईबापांना गोळी रात्रीच द्या, दुधाबरोबर देऊ नका, असे सांगितले जात होते. २०१७ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. त्यात गोळी नेमाने घेणे महत्त्वाचे ठरले. घेण्याची वेळ नाही. हा मुद्दा प्रतिपक्षाचा. १९८५ चा पुरावा वेळेच्या बाजूने अजूनही वापरणाऱ्यांनी तो सोडून द्यावा. पण एका औषधाच्या बाबतीत दावा पडला म्हणून सगळ्या औषधांच्या बाबतीत पडला, हे अनुमान कोणते शास्त्र मान्य करील? प्रत्येक औषधाचे विकर वेगळे, रक्तातले आयुष्य वेगळे. घड्याळाचा प्रश्न औषधागणिक नव्याने विचारावा लागतो.

याच कारणाने एक सोयीचा साक्षीदारही मी बोलावत नाही. अलीकडे इम्युनोथेरपीची सलाईन दिवसाच्या पूर्वार्धात घेतलेले रुग्ण अधिक जगतात अशा बातम्या येत आहेत. त्या खऱ्या ठरल्या तर मला आनंदच होईल. पण ती औषधे प्रतिपिंडे आहेत, रक्तात कित्येक आठवडे राहतात. यकृताच्या दैनिक लयीने त्यांची पातळी हलत नाही. त्यांचे काही स्पष्टीकरण असेल तर ते रोगप्रतिकारक पेशींच्या लयीत असेल. चयापचयाच्या वादात त्यांची साक्ष काढणे अप्रामाणिक होईल.

माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द सांगायला हवेत. केमो सकाळीच घ्यावी, पहाटेची वेळ सर्वांत उत्तम, असे सल्ले आता कानावर येतात. कोणी त्याला दिनचर्येच्या परंपरेचा आधारही देतो. वर मांडलेला सगळा पुरावा या सल्ल्याच्या विरुद्ध आहे. आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठात किरणोपचार सकाळी आणि संध्याकाळी देऊन, रुग्णांची यादृच्छिक वाटणी करून, दोन चाचण्या झाल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतड्याच्या अस्तराचा त्रास सकाळच्या गटात जास्त होता. तोंड-घशाच्या कर्करोगात तोंड येण्याचा कल उलट, सकाळच्या बाजूने चांगला दिसला. शहर एक, ऊती दोन, दिशा दोन. सर्वांसाठी एकच शुभ वेळ शोधणारे आणि वेळच नाकारणारे, दोघे एकाच चुकीचे भागीदार आहेत. दोघांनीही माणसांतला फरक पाहिलेला नाही. चाकणच्या कारखान्यात वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचे यकृत आणि नेमाने पहाटे उठणाऱ्या त्याच्या बहिणीचे यकृत सकाळी दहाला एकाच अवस्थेत असेल, असे कोणी खात्रीने सांगू शकेल का?

उरला व्यवहाराचा मुद्दा. डे-केअर दिवसा चालते, नर्स मोजक्या, रुग्ण शेकड्यांनी, लांबलांबच्या गावांहून आलेले. रात्री वॉर्ड उघडे ठेवा असे कोणी म्हणत नाही. ठरवलेल्या वेळी आपोआप गती बदलणारे पंप लेव्हींच्या चाचण्यांत वापरले गेले. रुग्ण ते अंगावर घेऊन वावरत. रुग्णाचे घड्याळ ओळखण्याची साधनेही आली आहेत. मनगटावरच्या हालचालमापकाने जागण्या-झोपण्याची लय दिसते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१८ साली रक्ताच्या एकाच नमुन्यावरून शरीराची आंतरिक वेळ सांगणारी पद्धत मांडली. हे सगळे उद्या प्रत्येक रुग्णालयात येणार नाही. पण एक काम बिनखर्चाचे आहे. सलाईन किती वाजता लागली हे नर्स लिहितेच. ते आकडे चाचण्यांच्या विश्लेषणात घ्यावेत. केमोच्या असंख्य चाचण्यांच्या अहवालांत मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, दिवस असतो, तास नसतो. जी गोष्ट विश्लेषणात घेतलीच नाही तिचा परिणाम आढळला नाही, हा पुरावा कशाचा?

रुग्णांनी यातून काय घ्यावे, याविषयी मात्र माझे मत नि:संदिग्ध आहे. आज कोणत्याही रुग्णाने वेळेसाठी आपली फेरी पुढे ढकलू नये, मिळालेली वेळ नाकारू नये. कोणत्या रुग्णाला कोणती वेळ, हे सांगण्याइतका पुरावा अजून हातात नाही, आणि लांबलेल्या फेरीचे नुकसान मात्र ठाऊक आहे. माझा वाद रुग्णाच्या निर्णयाशी नाही. प्रश्न संपला असे सांगणाऱ्या मताशी आहे.

तो कोणत्या चाचणीने संपेल हेही सांगतो. औषधे तीच, मात्रा तीच, दिवस तेवढेच, बदल फक्त वेळेत. प्रत्येक रुग्णाची आंतरिक वेळ आधी मोजलेली. स्त्री आणि पुरुष यांचे गट सुरुवातीपासून वेगळे आखलेले, नंतर पाडलेले नव्हेत. रक्तातली पातळी दिवसरात्र तपासलेली. अशा चाचणीत, पुरेशा रुग्णांत, फ्लुरोयुरासिलच्या बाबतीत ना बाधेत फरक दिसला ना आयुष्यात, तर मी हा पक्ष सोडीन आणि तसे लिहीन. तोवर २००६ च्या एका सरासरीवर विसंबून हा खटला बंद झाला असे म्हणण्याचा अधिकार प्रतिपक्षाला नाही.